आट्यापाट्यांचा अदमास

समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघून बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझी चप्पल तुटली आहे. दोनदा वाकून पाहिलं. तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा ते म्हणाले, "चप्पल चांगली हाये जी. तुमी डाव्या पायावर जोर देता. आट्यापाट्यात कोनी उजवीकडं हूल दिली, का तुमी गेले."

मला आट्यापाट्यात जायचंच नव्हतं. मी अमरावतीकडचा. प्रयोगशाळेचं शिक्षण संपवून मोहाडी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नुकताच लागलो होतो. तापाच्या माणसांचं रक्त दुर्बिणीखाली बघून त्यात हिवतापाचे जंतू आहेत की नाहीत ते सांगायचं, एवढंच माझं काम. ते त्याच केंद्रातले मलेरियाचे कर्मचारी. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक घराच्या दारात जायचं, कोणाला ताप आहे का विचारायचं, असेल त्याच्या बोटातून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, चार गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करायची. अकरा गावं होती त्यांच्याकडे. त्या अकरा गावांत त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. तलावाच्या पाळीवर सायकल दिसली की "मलेरियाबाबू आले" एवढंच. मला ते 'दुर्बीणवाले' म्हणत. म्हणजे आम्हा दोघांनाही तिथं नाव नव्हतं असं म्हटलं तरी चालेल.

ही सत्तरीच्या दशकाची शेवटची वर्षं. ताप गावोगाव परतला होता आणि काचांचा ढीग माझ्या टेबलावर चढत होता. पण मला जी आठवण सांगायची आहे ती तापाची नाही. म्हणजे तापाची आहेच, पण आधी खेळाची.

त्या भागात कबड्डीला मान होता आणि जीव आट्यापाट्यांवर होता. खेळाला लागत काहीच नाही. चेंडू नाही, दांडू नाही. धान कापून झालेल्या बांधीत राखेनं नऊ आडव्या पाट्या ओढायच्या, मधून एक लांब उभी पाटी. प्रत्येक आडव्या पाटीवर एक गडी अडवायला उभा. समोरच्यांनी त्याला हूल देऊन, हात लागू न देता, एकेक पाटी ओलांडत शेवटपर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिल्या पाटीवरचा गडी मधल्या उभ्या पाटीवरही धावू शकतो. त्याला सूर म्हणतात. सूर चांगला असला की बाकी आठ जण हात बांधून उभे राहिले तरी चालतं, असं मलेरियाबाबूंचं म्हणणं होतं.

दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, आटोपली आणि धान चुरून ढोलीत पडलं की गावागावांत सराव सुरू होई. पौष-माघात तालुक्याच्या गावी सामने. त्याच्या दहा-बारा दिवस आधी बाबू आपला 'अदमास' काढत. यंदा कोणकोणते संघ उतरणार, कोणाचं काय बळकट, काय कच्चं आणि कोण कितव्या नंबरावर राहील, हे सगळं एका मोठ्या कागदावर, दोन्ही बाजूंनी, निळ्या शाईत. नऊ संघ म्हणून नऊ प्रती. सगळ्या हातानं लिहिलेल्या. कार्बन वापरा म्हटलं तर म्हणाले, "कार्बनची परत ज्या गावाले जाईन, त्याले वाटन का आपन पुसट हावो."

प्रती तयार झाल्या की मी एक मोठ्यानं वाचायचो आणि ते दुसरी ताडून बघायचे. नऊ वेळा. चार वाचनांनंतर मला सगळं पाठ होऊन जाई. त्यातल्या काही ओळी अजून येतात.

"करडी. पायांत वेग आहे, डोक्यात घाई आहे. दोन पाट्या वाऱ्यासारख्या जातात आणि तिसरीवर कोणी आधी जायचं यावरून थांबतात. तिसऱ्या-चौथ्या पाटीचे दोघे सख्खे भाऊ असून एकमेकांशी बोलत नाहीत. आधी त्यांना बोलतं करावं. नंबर तिसरा, बोलले तर पहिला."

"साकोली. मोठ्या रस्त्यावरचं गाव. हूल देण्यात यांचा हात कोणी धरणार नाही. पण बघायला माणसं नसली तर यांचा खेळ उतरतो. सामना सकाळी पडला तर सहावा, संध्याकाळी पडला तर दुसरा."

"आंधळगाव. सर्व बाजूंनी उत्तम. मात्र सरावाआधी जेवतात."

करडीच्या सरपंचानं म्हणे तो कागद चावडीवर वाचून झाल्यावर त्या दोन भावांना समोरासमोर बसवून चहा पाजला. भाऊ बोलले. करडी त्या वर्षी दुसरी आली. बाबूंना मी हे सांगितलं तेव्हा ते सायकलच्या साखळीला तेल घालत होते. म्हणाले, "मंग? पहिला लिवला होता मी. एका भावानं मनातून नसन केलं."

त्यांच्या अकरा गावांपैकी दोन-तीन गावांचेच संघ होते. बाकीच्या संघांसाठी ते रविवारी सायकल काढत. दुसऱ्या तालुक्यातल्या साकोलीला एसटीनं जात. पाळीवर, नाहीतर बांधीच्या धुऱ्यावर बसत. खिशात टिपणवही, पण समोर कधी उघडत नसत. कोणाशी बोलत नसत. सराव संपला की उठून चालू लागत.

आणि सामने? सामने ते बघत नसत. एकही नाही. साऱ्या तालुक्यातून माणसं सामन्यांना लोटत आणि हा माणूस खोलीत धुणं धूत बसे. मी एकदा चिडवलं, "भाऊ, म्हणजे तुमचं हळदीला जाऊन संसाराचं भविष्य सांगणं झालं. लग्नाला हजर नाही!" ते हसले नाहीत. म्हणाले, "सामन्यात सारे जिंकाले येतेत जी. खेळाले येतेत ते सरावात." आणि बादली उचलून आत गेले. माझा विनोद फसला होता. किती फसला होता ते पुढं नर्सबाईंनी सांगितलं. त्यांची बायको लग्नानंतर सहा महिन्यांनी माहेरी गेली ती परत आली नव्हती. त्याला वीस वर्षं झाली होती.

केंद्रामागं ओळीनं खोल्या होत्या. त्यांची आणि माझी भिंत एक. ते भात आणि लाखोळीची डाळ रांधत आणि भिंतीकडं तोंड करून जेवत. मी पुष्कळदा जाऊन बसायचो. ते आवडत होते म्हणून नव्हे, मला करमत नव्हतं म्हणून. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं. अकरा गावांतल्या हजारेक भिंतींवर त्यांची सही होती आणि त्यांतल्या एकाही घरात 'बसा जी, जेवून जा' असं त्यांना कोणी म्हणत नव्हतं. तापाच्या माणसाला कोण बसवून घेतो? फक्त वर्षातून एकदा, अदमासाच्या दिवसांत, लोक त्यांना थांबवून विचारत, "यंदा आमचं काय लिवलं?" तेवढे पंधरा दिवस ते थोडे जास्त बोलत. पायांकडे बघूनच, पण जास्त.

त्यातही एक घोळ झाला. करडीच्या त्या वर्षाच्या पुढल्या वर्षी त्यांनी आंधळगावला पहिलं लिहिलं आणि आंधळगाव पहिल्याच फेरीत गारद झालं. त्याच्या पुढल्या वर्षी ज्या गावाला पहिलं लिहिलं त्याच्या कप्तानाचा पाय बांधीच्या भेगेत मुरगळला. झालं. अदमासात पहिला नंबर म्हणजे संघाला नजर लागली, असं लोकांनी ठरवून टाकलं. आंधळगावचा कप्तान टोपलीभर वांगी घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "बाबू, यंदा आमाले आठवं टाका ना जी."

बाबूंनी टोपली परत त्याच्या हातात दिली. "आठवं पाहिजे तं आठव्या नंबरासारखं खेळा. मी पाहीन, मंग लिवीन."

मला हसू आवरेना. ते मात्र टिपणवही घेऊन आत गेले. पुढं गावं सराव लपवू लागली. पाळीवर सायकल दिसली की पोरं पाट्यांवर मांडी घालून बसत, कोणी आकाशाकडं बघे. एका गावाबद्दल त्यांनी लिहिलं, "बसण्याचा सराव चांगला चालला आहे. नंबर देता येत नाही." मी वाचताना खोखो हसलो. त्यांनी विचारलं, "काहून लपवतेत जी? मी तं चांगलंच लिवतो." प्रश्न खरोखरचा होता.

एका गावानं मात्र कधी लपवलं नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही. केंद्रापासून चार मैलांवर, तलावाखाली, त्यांच्याच अकरांपैकी एक. तिथं रामदास नावाचा पोरगा सूर खेळायचा. बावीस वर्षांचा, सडपातळ, घरी माय आणि तो, दोघंच. बाबू दोन हिवाळे त्याला बघत होते. त्याच्याबद्दल बोलताना ते चक्क माझ्या तोंडाकडे बघत. "दुर्बीणवाले, तुमी या एकदा. मी सांगतो म्हनून या." मी गेलो नाही. काचा होत्या, आळस होता.

तिसऱ्या हिवाळ्यात, पौषात, ते त्या गावाच्या फेरीवरून परतले ते शीळ घालत. इतक्या वर्षांत मी त्यांची शीळ ऐकली नव्हती.

"लपवून राहिले पोट्टे! आता हे बी लपवून राहिले!"

"काय?"

"रामदासले. संध्याकाळी सराव पाहाले बसलो, तं सुरावर दुसराच. इचारलं, तं म्हने मावशीच्या गावाले गेला. सामने पंधरा दिवसांवर अन् सूर मावशीच्या गावाले!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "नवीन काहीतरी शिकवून राहिले त्याले. कोनाले दिसू नाही म्हनून."

त्याच दिवशी सकाळी ते रामदासच्या दारातही गेले होते. माय बाहेर आली होती. "ताप हाये का कोनाले?" त्यांनी विचारलं होतं. "नाही जी, कोनालेच नाही," ती म्हणाली होती. त्यांनी भिंतीवर तारीख टाकून सही केली होती.

त्या वर्षीच्या अदमासात त्यांनी त्या गावाला दुसरं लिहिलं. पहिलं लिहिलं नाही, मायेपोटी. मी नऊ वेळा वाचलेला मजकूर असा:

"सूर रामदास. मागील दोन वर्षं पाहिला. हा धावतो असं वाटत नाही, पाटीच त्याच्या पायांखालून सरकते. त्याचा हात लागून बाद झालेला गडीसुद्धा मागं वळून त्याच्याकडे बघतो. असा सूर मी पाहिलेला नाही. यंदा मात्र मला दाखवला नाही. गावानं लपवून ठेवला आहे. ज्यांना समजायचं त्यांनी समजावं."

तिसऱ्या दिवशी प्रती गावोगाव गेल्या. त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी, एक बैलबंडी आमच्या केंद्राच्या आवारात आली. तीत अंथरलेल्या तणसावर रामदास होता. शुद्ध नव्हती. त्याचं रक्त मी स्वतः घेतलं. काच दुर्बिणीखाली धरली आणि मोजायला सुरुवात केली. मग मोजणं सोडून दिलं, इतके जंतू होते. डॉक्टरांनी जीपमधून भंडाऱ्याला पाठवलं. जीप नदीच्या पुलापर्यंतही पोचली नाही.

बंडीबरोबर आलेल्या पोरांकडून सगळं कळलं. ताप आठ दिवसांचा होता. संघानं ठरवलं होतं की मलेरियाबाबूला कळू द्यायचं नाही. त्यांना कळलं तर अदमासात येईल, आणि सूर आजारी आहे हे साऱ्या तालुक्याला समजेल. दोन दिवसांत उतरेल, असं सगळ्यांना वाटलं. गावच्या वैद्याचा काढा चालू होता. मायला त्यांनीच सांगितलं, काही बोलू नको. बाबू दारात उभे होते तेव्हा रामदास आत ढोलीमागं घोंगडी पांघरून पडला होता. ढोली म्हणजे धान साठवायची, शेणामातीनं लिंपलेली, पुरुषभर उंचीची बांबूची कणगी. तिच्यामागं माणूस सहज लपतो.

ते संध्याकाळी फेरीवरून आले. मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ताप कधीपासून होता?"

"आठ दिवस."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हनजे मी गेलो तवा तिसरा दिवस होता." मग पायरीवर बसले. "मी दारात होतो. मंग संध्याकाळी पाळीवर बसलो. सूर जाग्यावर नाही, हे पाहिलं मी. पौषात पोरगा खेळाले येत नाही, तं मलेरियाच्या मानसानं का समजाचं? पहिले ताप समजाचा. मी हासलो, दुर्बीणवाले. शीळ घालत आलो."

मी काहीतरी बोललो असेन. आठवत नाही.

गावात मात्र वेगळंच उठलं. अदमासात पोराबद्दल इतकं लिहिलं, म्हणून नजर लागली. आधी संघांना लागत होती, आता जिवाला लागली. त्या गावानं संघ उतरवला नाही. अदमासाचा कागद चावडीवर फाडला असं ऐकलं. पुढल्या फेरीला बाबू गेले तेव्हा बायांनी लेकरं आत ओढून घेतली. कोणी बोट पुढं करेना. "ताप नाही, ताप नाही," दारं लावून आतूनच. लोण आसपासच्या गावांतही पोचलं. त्यांच्या काचा निम्म्यावर आल्या. डॉक्टर त्यांच्यावर ओरडले आणि ते डॉक्टरांच्या बुटांकडे बघत उभे राहिले.

मी त्यांच्यावर चिडलो. "भाऊ, सांगून टाका ना! आठ दिवसांचा ताप लपवला होता म्हणावं. तुम्ही विचारलं होतं. ती नाही म्हणाली. तुमचा काय दोष?"

"कोन म्हनाली नाही?"

"त्याची माय."

"मंग हे मी गावाले सांगू का?"

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली.

"आत्ता गाव म्हनते, मलेरियाबाबूची नजर लागली. म्हनू द्या. नजर लागली तं घरच्याचा दोष नसते. मी सांगतलं, तं उद्या विहिरीवर बाया म्हनतीन, इनंच दडवला. पोट्टे म्हनतीन, आमी तं लहान होतो, मायनं सांगाले पाहिजे होतं. मी पंधरा दिवसांतून एकदा जातो जी तिथं. तिले तं रोज राहाचं हाये."

"आणि तिनं स्वतःच सांगितलं तर?"

"ते तिचं हाये. माहं नाही."

अदमास त्यानंतर निघाला नाही. दुसऱ्या वर्षी करडीचा माणूस येऊन विचारून गेला, साकोलीचा आला नाही. रविवारी ते सायकल उलटी करून पुसत बसत. दिवसभर. चाकं फिरवून बघत. मी त्या उन्हाळ्यात लग्न केलं आणि गावात दुसरीकडं घर घेतलं. त्यांची भिंत सुटली. पंचवीस पावलांवर राहून मी महिनेच्या महिने त्यांच्याकडे गेलो नाही. बायको म्हणायची, त्यांना जेवायला बोलवा. मी म्हणायचो, बोलवू. त्यांच्या खोलीत गेलं की मलाच गुदमरायला व्हायचं, आणि त्यांना काय होत असेल हा विचार मी सोयीनं करत नव्हतो.

त्या गावाहून काच येणं बंद झालं होतं. अकरा गावांच्या काचा यायच्या त्या दहाच्या झाल्या. मग एका श्रावणात एक काच आली. एकच. सोबतच्या फॉर्मवर रामदासच्या मायचं नाव. तापाच्या रकान्यात 'नाही'. काच बघितली, काहीच नव्हतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच बाई, पुन्हा ताप 'नाही', पुन्हा स्वच्छ. पाचव्या वेळेला मी त्यांना गाठलं. ताप नसलेल्या माणसाचं रक्त घ्यायचा नियम नव्हता.

"मी दारात गेलो," ते म्हणाले. "इचारलं नाही काही. तारीख लिवून राहिलो होतो, तं ती आली अन् बोट पुढं केलं. म्हटलं, माय, ताप हाये का? नाही म्हने. तरी घ्या म्हने."

"अजून काही बोलली?"

"नाही."

"तुम्ही?"

"मी का बोलू?"

मी डॉक्टरांना कळवलं नाही. दर पंधरवड्याला ती काच यायची आणि मी ती नियमाप्रमाणे पूर्ण बघायचो, कोपरा सोडायचो नाही. दिवाळीच्या सुमारास तिच्या शेजारच्या घराची एक काच आली. त्यात ताप होता, जंतूही होते. मग त्याच बोळातली आणखी एक. आधी तिचं बोट, मग इतरांची. संक्रांतीपर्यंत सगळं गाव परत आलं. कोणी काही कबूल केलं नव्हतं, कोणी माफी मागितली नव्हती. एका बाईनं रोज ज्यांच्यात राहायचं त्या माणसांदेखत दारात उभं राहून बोट पुढं केलं होतं, बस.

ऐंशीनंतर माझी बदली झाली. चार्ज देऊन झाला होता, दोन दिवस हातात होते. ज्या माणसांचं रक्त मी इतकी वर्षं बघितलं ती माणसं एकदा बघावीत असं वाटलं. बाबूंना म्हटलं, "उद्या येतो तुमच्याबरोबर." त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "चार मैल सायकल जमन का?"

तिचं घर बोळाच्या तोंडाशी होतं. लहानखुरी, पांढऱ्या केसांची बाई. मला वाटलं होतं त्यापेक्षा वय कमी असावं. बाबू म्हणाले, "माय, मागच्या येळचं रक्त साफ हाये." तिनं मान हलवली. मग ती आत गेली आणि घडी घातलेला एक मोठा कागद घेऊन आली. निळी शाई. फाडलेला होता आणि मागून भाताच्या पेजेनं चिकटवला होता.

"चावडीवरून उचलला होता मी," ती म्हणाली. "मले वाचता येत नाही जी. त्याचं नाव हाये ना याच्यात? एकडाव वाचून दाखवा."

बाबूंनी कागद घेतला. इतक्या वर्षांनी त्यांच्याच अक्षरातला. उभ्याउभ्याच ते वाचू लागले. सूर रामदास. मागील दोन वर्षं पाहिला. हा धावतो असं वाटत नाही. आवाज सरळ होता, चिठ्ठीवरचं औषध वाचून दाखवावं तसा. असा सूर मी पाहिलेला नाही, इथं ते थांबले आणि कागदाची घडी घालू लागले.

मला पुढचं पाठ होतं. मी जमिनीकडे बघितलं.

"एक ओळ राहिली जी," ती म्हणाली.

त्यांनी अर्धी घडी तशीच धरून ठेवली.

"चावडीवर वाचलं होतं तवा पोट्टे आमच्या घरी आले होते हासत. मलेरियाबाबू फसले म्हने. रामदास आत होता. त्यालेबी सांगतलं त्याईनं. तो बी हासला. हासता येत नोहोतं, तरी." तिनं पदर सारखा केला. "वाचा जी. मले मालूम हाये का हाये त्याच्यात."

त्यांनी घडी उघडली. "यंदा मात्र मला दाखवला नाही," ते म्हणाले. "गावानं लपवून ठेवला आहे."

"गावानं नाही," ती म्हणाली. शेजारच्या दारात दोन बाया उभ्या होत्या, त्यांच्याकडं बघत, सावकाश. "मी लपवला होता. हे इचाराले आले, अन् मी नाही म्हटलं. याईची नजर नाही लागली."

बाबूंनी मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. "माही बी चूक होती, माय," ते म्हणाले. "सराव पाहिला होता मी."

तिनं कागद घेतला, बोट पुढं केलं. त्यांनी थेंब घेतला, काचेवर पसरला, भिंतीवर तारीख टाकली. आम्ही पुढल्या दाराशी गेलो. तिथल्या एका बाईनं स्वतःहून सांगितलं की तिच्या पोराला ताप आहे, आज तिसरा दिवस. बाबूंनी काच घेतली, चार गोळ्या दिल्या आणि पुन्हा पुन्हा विचारलं, ओकला का, पाणी पितो का.

परतताना पाळीवरून खाली बांध्यांत पोरं पाट्या आखताना दिसत होती. ते सायकलवरून उतरले नाहीत. केंद्राच्या पायरीशी आल्यावर त्यांनी खिशातून काचेची डबी काढून माझ्या हातात दिली.

"चार्ज देल्ला तुमी, मालूम हाये. पन हे पोराची काच आजच पाहा. उद्यावर नको."

मी कुलूप काढून दुर्बीण पुन्हा मांडली. ते पायरीवर बसून होते. बघून झाल्यावर बाहेर आलो आणि मान हलवली. होते, जंतू होते, पण थोडे. त्यांनी आतून पुढल्या गोळ्या घेतल्या, पिशवीत टाकल्या आणि उजेड आहे तोवर पोचायचं म्हणून, पाणीही न पिता, परत त्याच गावाला निघाले.